जुन्या ठशाची त्रेचाळीस पत्रं

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईची खोली आणि औषधांचं कोठार यांच्या मध्ये, टपालाची खोली होती. खोलीला एकच खिडकी, तीही छताला चिकटलेली. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. या खोलीत गेली बावीस वर्षं एकच बाई काम करत होती. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण कुणाच्या तोंडात नव्हतं. बाहेर जाणारं सगळं टपाल तिच्या हातून जायचं, म्हणून सगळे तिला जावकबाई म्हणायचे. पूर्वी येणारं टपाल बघायला एक आवकबाईही होती. ती निवृत्त झाली आणि तिची जागा काही भरली गेली नाही. त्यामुळे आवकही जावकबाईच्याच गळ्यात पडली होती. "येणं माझ्याकडे आणि जाणंही माझ्याकडे," ती म्हणायची, "मधलं काय ते डॉक्टरांनी बघावं."

टेबलावर फ्रँकिंगचं जुनं मशीन होतं. शिलाई मशीनएवढं, लोखंडी, कडेचा हिरवा रंग उडालेला. पाकीट आत सारून दांडा दाबला की खट् आवाज यायचा आणि पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात लाल ठसा उमटायचा: हॉस्पिटलची खूण, तारीख आणि टपालखर्चाचा आकडा. तिकीट चिकटवायला नको, काही नको. तारखेची चाकं पितळेची होती. रोज सकाळी आल्याआल्या, चप्पल बदलायच्याही आधी, एका बारीक काडीने ती चाक एक घर पुढे सरकवायची.

ही मशीनं दुरुस्त करणारा माणूस म्हणजे तिचा नवरा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं तो पाठीवर अवजारांची पिशवी टाकून एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरला होता. बँका, कोर्ट, विमा कंपन्या, शाळा. कुठे शाई गळते, कुठे दांडा अडकतो. जावकबाई नोकरीला लागली त्याच वर्षी तिचं मशीन एका महिन्यात तीनदा बिघडलं. तिसऱ्यांदा ते बिघडलंच नव्हतं, हे त्याने लग्नानंतर कबूल केलं. "स्क्रू मीच ढिला ठेवला होता," तो म्हणाला. "मला वाटलंच," ती म्हणाली.

आता तो घरीच असायचा. हात थरथरत, आणि दुरुस्तीला मशीनंही फारशी उरली नव्हती. जी होती तीही जाणार, असं परिपत्रक टपालखात्याने काढलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून जुन्या मशीनचे शाईचे ठसे चालणार नाहीत. फक्त नवे डिजिटल ठसे चालतील, चौकोनी कोड असलेले, जे पोस्टातलं यंत्र वाचू शकतं. जुन्या ठशाचं पत्र बिनतिकिटाचं समजलं जाईल आणि ज्याला ते आलं त्याच्याकडून दुप्पट पैसे घेतले जातील. मिस्त्रीने ते परिपत्रक चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं.

"म्हणे खोटे ठसे मारतात लोक," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत एक खोटा ठसा मी पाहिला नाही."

"अहो, यंत्राला वाचता येत नाही म्हणून असेल."

"यंत्राला वाचता येत नाही, तर यंत्राला शाळेत घाला. आमच्या ठशाने काय घोडं मारलंय?"

नवं मशीन महिनाअखेरीच्या आठ दिवस आधी आलं. पांढरं, प्लास्टिकचं, एका हाताने उचलता येईल असं. त्याला तारखेचं चाक नव्हतं. तारीख ते स्वतःच, कुठल्याशा केंद्राशी तारेवरून बोलून घेत असे. ठसा फिकट, ठिपक्याठिपक्यांचा. जावकबाईने एक नमुना घरी नेला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "मुंग्या चिरडल्यासारखं दिसतंय." ती हसली. पण शिकायला तिला भीती वाटत होती हे तिने त्याला सांगितलं नाही. पडद्यावरची अक्षरं बारीक होती, आणि शिकवायला आलेला कंपनीचा माणूस एवढ्या भराभर बोलत होता की ती नुसती मान हलवत राहिली.

जुनं मशीन पोस्टाचा निरीक्षक येऊन मोहोर तोडून घेऊन जाणार होता. तो आलाच नाही. मग तिने ते कोपऱ्यातल्या कपाटावर ठेवलं आणि वर एक फडकं टाकलं.

एक तारखेला दुपारी तीन वाजता वरून एक गठ्ठा आला. तपासणी विभागाची एकशे अठरा पत्रं. गेले दोन महिने त्या विभागात बायकांच्या छातीची तपासणी चालली होती. हजारो बायका येऊन गेल्या. जिच्या फोटोत काही संशयास्पद दिसेल तिला पत्र जाणार होतं, पुन्हा तपासणीला या म्हणून. बाकीच्यांना काहीच जाणार नव्हतं. गठ्ठ्यावर डॉक्टरांची चिठ्ठी होती: आजच जावीत.

जावकबाईने नवं मशीन सुरू केलं. पडद्यावर अक्षरं आली: केंद्राशी संपर्क नाही. तिने बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तेच. कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "आज सगळीकडेच असं होतंय बाई. पहिलाच दिवस ना. उद्या दुपारपर्यंत होईल."

पोस्टाची गाडी पाचला यायची. तिकिटं विकत आणावीत तर त्याला अधीक्षकांची सही लागणार, आणि अधीक्षक साडेचारपर्यंत मीटिंगमध्ये. मीटिंगचं दार वाजवता आलं असतं. हे तिला तेव्हाही माहीत होतं, नंतर तर फारच माहीत झालं. पण दार वाजवायचं म्हणजे नवं मशीन जमलं नाही असं चारचौघांत सांगायचं. तिने घरी फोन केला.

"जुनं आहे ना अजून तिथे?" मिस्त्री म्हणाला.

"आहे. पण आज एक तारीख."

"मग चाक काल­वर ठेव. ठशावर कालची तारीख दिसली की झालं. पोस्टातली माणसं काय भिंग लावून बसलीत? एका दिवसाने आभाळ कोसळत नाही."

तिने फडकं काढलं. चाक कालच्याच तारखेवर होतं. निरीक्षक येणार म्हणून ते तिने हलवलंच नव्हतं. आता फक्त दांडा दाबायचा होता. एकशे अठरा वेळा खट् झालं. लाल ठसे नेहमीसारखे स्वच्छ उमटले. पाचच्या गाडीत पिशवी गेली. बावीस वर्षांत त्या दिवशीचं टपाल त्या दिवशी गेलं नाही असं कधी झालं नव्हतं, आणि आजही झालं नाही, याचं तिला बरंच वाटलं.

वीस तारखेला सकाळी पोस्टाने एक पोतं आणून टाकलं. तिने तोंड सोडलं. तपासणी विभागाची पाकिटं. प्रत्येकावर तिच्या लाल ठशावरून जांभळ्या शाईची एक तिरकी मोहोर: ठसा अमान्य, नॉटपेड. खाली पेन्सिलीने कुणी लिहिलेलं: घेण्यास नकार. काहींवर: घर बंद. तिने ती टेबलावर मांडली. त्रेचाळीस होती. बाकीची बहुधा पोचली होती, कुणा भल्या पोस्टमनने तशीच दिली असतील किंवा लोकांनी दुप्पट पैसे भरून घेतली असतील. पण ही त्रेचाळीस एकोणीस दिवस फिरून परत तिच्याकडे आली होती.

दुपारी ती अधीक्षकांकडे गेली. अधीक्षक वाईट माणूस नव्हता. पण त्याला कुठलीही भानगड आपल्या टेबलापर्यंत आलेली आवडत नसे. त्याने एक पाकीट उलटसुलट पाहिलं.

"हे अजून कुणाला दाखवलंत?"

"नाही."

"मग नवी पाकिटं घ्या, ह्यांतली पत्रं त्यांत घाला, नव्या मशीनचा ठसा मारा आणि द्या पाठवून. तीन-चार दिवसांत पोचतील."

"आतल्या पत्रावर एक तारीख आहे, साहेब. आज वीस."

"पोस्टाला उशीर होतो, हे काय लोकांना नवीन आहे? बाई, तुमची चार वर्षं राहिलीत. कशाला नसतं झेंगट मागे लावून घेताय?"

ती खाली आली. नवी पाकिटं काढलीसुद्धा. मग काही न करता बसून राहिली. पाच वाजले तेव्हा तिने सगळी पत्रं परत पोत्यात भरली, पोतं टेबलाखाली सरकवलं आणि घरी गेली. त्या एका संध्याकाळबद्दल तिने पुढे चौकशीतही काही लपवलं नाही. पोतं टेबलाखाली ठेवून मी घरी गेले, असंच सांगितलं.

जेवताना मिस्त्रीच्या लक्षात आलं. "ताटाकडे बघतेस की ताटातून पलीकडे?"

तिने सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"मी म्हणालो होतो तुला," तो म्हणाला. "माझं नाव सांग उद्या. म्हणावं, नवऱ्याने सांगितलं. मी काय, घरी बसलेला माणूस. माझं कोण काय करणार?"

"दांडा तुम्ही नाही दाबलात."

"अगं पण..."

"तुम्ही मशीनचं सांगितलंत. पत्रांत काय आहे ते मला माहीत होतं. तुम्हाला नव्हतं."

तो उठला, हात धुतले, आणि पुन्हा येऊन तिच्यासमोर बसला. चाळीस वर्षांची ऐट त्या एका संध्याकाळी उतरली असं तिला वाटलं, आणि तिला त्याचा राग यायला हवा होता तो आलाच नाही.

सकाळी ती पोतं घेऊन लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेली. तपासणी विभागाच्या डॉक्टर ठेंगण्या, पिकल्या केसांच्या बाई होत्या. रागावल्या की आवाज चढण्याऐवजी उतरायचा. जावकबाईने सगळं सांगितलं: नवं मशीन, जुनं मशीन, तारीख, वीस तारीख, कालची संध्याकाळ. अधीक्षक काय म्हणाले तेही.

डॉक्टर अगदी हळू म्हणाल्या, "यांना आम्ही काय सांगितलं होतं, माहीत आहे? पत्र आलं नाही तर काळजीचं कारण नाही, असं."

जावकबाईला हे माहीत नव्हतं.

"नंतर बघू तुमचं," डॉक्टर म्हणाल्या. "आधी ही नावं काढा. बसा इथे."

दिवसभर जावकबाई, डॉक्टर आणि एक नर्स फोनला चिकटून होत्या. अठ्ठावीस बायका फोनवर मिळाल्या. कुणी घाबरल्या, कुणी चिडल्या, एकीने पुन्हा पुन्हा विचारलं की हा फोन खरा आहे कशावरून. पंधरा राहिल्या. फोन नाही, किंवा नंबर चुकीचा, किंवा कुणी उचलत नाही.

"ही माझ्याकडे द्या," जावकबाई म्हणाली. "मी हातोहात पोचवते."

दोन दिवस मिस्त्री तिच्याबरोबर फिरला. पत्ते त्यालाच ठाऊक होते. कुठली गल्ली कुठे फुटते, कुठल्या इमारतीला मागूनच जिना आहे, हे त्याला चाळीस वर्षांच्या पायपिटीने पाठ झालं होतं. तो दाराशी यायचा नाही. जिन्याखाली थांबायचा आणि ती खाली आली की नुसतं तिच्या तोंडाकडे बघायचा. ती मान हलवायची: दिलं. मग पुढचा पत्ता. एका घरी म्हातारी झोपली होती, सुनेने पत्र घेतलं. एकीने तिला आत बोलावून पाणी दिलं आणि मग पत्र वाचून रडली, आणि जावकबाईला रडूही येईना आणि उठूनही जाता येईना.

चौदावा पत्ता एका दुकानाचा होता. बटणांचं दुकान. एवढुसं, पण भिंतीभर लाकडी खण, आणि प्रत्येक खणावर आत जे बटण असेल त्यातलं एक बाहेर शिवलेलं. काउंटरमागे पंचेचाळिशीची एक बाई होती. गळ्यात मोजायची फीत, चष्मा साखळीला.

"कोट का झगा?" बटणवालीने वर न बघता विचारलं.

"बटण नकोय. मी हॉस्पिटलमधून आलेय. तपासणी विभागाचं पत्र आहे तुमचं."

आता तिने वर पाहिलं. "पत्र यायचं नव्हतं. पत्र आलं नाही तर काही नाही, असं सांगितलं होतं मला. मी आठ दिवस वाट बघितली. अजून आठ दिवस बघितली. मग बहिणीला फोन करून सांगितलं, सुटले बाई एकदाची."

"पत्र आलं होतं. तुम्ही घेतलं नाहीत." शब्द तोंडातून निघाले आणि जावकबाईचे तिलाच लागले.

बटणवालीने आठवल्यासारखं केलं. "ते लाल ठशाचं? पोस्टमन म्हणाला दुप्पट पैसे भरून घ्या. मी म्हटलं, ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने आपल्या खर्चाने बोलावं. हसला तोही." ती स्वतः हसायला लागली आणि मध्येच थांबली. "ते हे होतं?"

"हो. ठसा जुना होता. त्या दिवसापासून चालत नव्हता. मला माहीत होतं. तरी मी मारला, आदल्या दिवसाच्या तारखेने."

"का?"

जावकबाईने वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. "त्या दिवशीचं टपाल त्याच दिवशी जावं म्हणून."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. हातात तपकिरी कोट, एक बटण तुटलेलं. बटणवालीने पत्र काउंटरवर तसंच उपडं ठेवलं. कोट घेतला, उजेडात धरला, तीन खण उघडले, एक बटण लावून पाहिलं, नाही म्हणाली, दुसरं लावलं. "हे घ्या. फरक कळणार नाही. जाड दोऱ्याने शिवा पण." गिऱ्हाईक गेलं. मग तिने गळ्यातली फीत काढून गुंडाळून बाजूला ठेवली, आणि पाकीट फोडलं. वाचायला फार वेळ लागला नाही, चारच ओळी होत्या, आणि पाकिटाला टाचलेली डॉक्टरांची नवी चिठ्ठी: सोमवारी या.

"सोमवारी किती वाजता?"

"नऊला. मी येऊ का घ्यायला?"

"मला रस्ता माहीत आहे," बटणवाली म्हणाली. "जा तुम्ही आता."

खाली मिस्त्रीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग ती त्याच्यापुढेच पंधराव्या पत्त्याकडे निघाली.

चौकशी झाली. तीन साहेब एका लांब टेबलामागे. पोस्टाचा निरीक्षकही आला होता. त्याने जुनं मशीन न्यायला उशीर केला याबद्दल त्याला कुणी काही विचारलं नाही. अधीक्षकांनी सांगितलं की पत्रं परत आल्याचं आपल्याला कुणी कळवलंच नव्हतं. जावकबाई म्हणाली की कळवलं होतं. मग दोन्ही लिहून घेतलं गेलं. मिस्त्री त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या बाकावर बसला होता. आपल्याला आत बोलावतील, मग आपण सांगू, असं त्याला वाटत होतं. त्याला कुणी बोलावलं नाही. त्याने दोनदा उठून शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, "काका, तुमचा संबंध काय?"

ती स्वतःहून वर गेली म्हणून नोकरी वाचली. पगारवाढ रोखली, आणि टपालातून काढून तिला जुन्या कागदपत्रांच्या कोठारात बसवलं. तिथे तर खिडकीही नव्हती. टपालाच्या खोलीत दुसरं कुणी आलं आणि महिन्याभरात जावकबाई हे नावही मागे पडायला लागलं. नवे लोक तिला कोठारातल्या बाई म्हणत.

त्रेचाळिसांतल्या बहुतेक जणींचं काही निघालं नाही. साध्या गाठी, फोटोतल्या सावल्या. पाच जणींना पुढचे उपचार लागले. चौघींचं लवकर हाती लागलं होतं. पाचवी बटणवाली.

एका दुपारी ती कोठारात आली. शोधत आली होती हे दिसत होतं, कारण तिथे वाट चुकून कुणी येत नसे. फायलींच्या मांडणीला टेकून उभी राहिली.

"बुधवारी ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "बहीण परगावी असते, तिला प्रवास झेपत नाही. बाहेर कुणीतरी बसलेलं लागतं म्हणतात. तुम्ही बसा."

"मी?"

"मग कोण? उपकार करताय असं समजू नका. आणि मी तुम्हाला माफ केलंय असंही समजू नका. मला ते जमलेलं नाही अजून. पण माझ्यामुळे कुणाचा तरी दिवस वाया जाणार असेल तर तो तुमचा जावा."

"बसते," जावकबाई म्हणाली.

बुधवारी सकाळी फॉर्म भरताना खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "सोबत आलेल्यांचं नातं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "टपालवाली लिहा," बटणवाली म्हणाली.

"असं लिहिता येत नाही."

"मग ओळखीची लिहा. ओळख तर झालीच आहे."

तिला आत नेलं. जावकबाईच्या हातात तिचा चष्मा, चपला आणि एक पिशवी. साडेतीन तास ती बाकावर बसली. चष्मा पिशवीत ठेवला तर मोडेल म्हणून हातातच धरून बसली. घाम आला की पदराने काचा पुसायची आणि पुन्हा धरायची. मिस्त्री मध्ये एकदा येऊन चहा देऊन गेला. थांबू का म्हणाला, तिने नको म्हटलं.

डॉक्टर बाहेर आल्या. गाठ निघाली होती. पण काखेतल्या ग्रंथींतही थोडं पसरलं होतं. औषधं द्यावी लागतील, सहा महिने तरी.

"तीन आठवडे आधी..." जावकबाई म्हणाली.

डॉक्टरांनी टोपी काढून हातात घेतली. "तेव्हाही कदाचित एवढंच असतं. कदाचित नसतं. मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका."

तेच सगळ्यात वाईट होतं. फरक पडला असं कुणी म्हटलं असतं तर तिने ते डोक्यावर घेतलं असतं. नाही पडला म्हटलं असतं तर खाली ठेवलं असतं. हे ना धरता येत होतं, ना सोडता.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली. दाराशी तीच नर्स भेटली, फोनच्या दिवशीची. "बाई, तिने विचारलं ना, तर सांगून टाका काही फरक पडला नसता म्हणून," ती कुजबुजली. "तिला बरं वाटेल आणि तुम्हालाही. कुणाचं काय जातंय?"

बटणवाली उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. जावकबाईने तिला चष्मा दिला. तो लावून तिने आधी हिला नीट पाहून घेतलं.

"विचारलंत का डॉक्टरीणबाईंना?"

"विचारलं."

"मग?"

नर्सचं वाक्य जावकबाईच्या जिभेच्या टोकावर होतं. "त्यांना माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित फरक पडला असेल, कदाचित नसेल. कधीच कळणार नाही म्हणाल्या."

बटणवालीने तोंड भिंतीकडे फिरवलं. जावकबाईला वाटलं, आता जावं. तिने स्टूल मागे सरकवलं.

"नर्स मघाशी मला म्हणाली, काही फरक पडला नसता," बटणवाली भिंतीकडेच बघत म्हणाली. "मला वाटलंच होतं, तुम्हालाही पढवून ठेवलं असणार. बसा. इतक्यात कुठे निघालात?"

सहा महिने औषधं चालली. दर तिसऱ्या आठवड्याला बटणवाली यायची आणि जावकबाई कोठारातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्या शेजारी बसायची. मैत्रिणी त्या झाल्या नाहीत. बोलणं बेताचंच. काही दिवशी बटणवाली तिच्यावर कारण नसताना डाफरायची. काही दिवशी, उलट्यांनी जीव मेटाकुटीला आला की, तिचा हात इतका घट्ट धरायची की बोटांवर वळ उठायचे. एकदा नुसतीच म्हणाली, "ते पत्र मी घेतलं असतं तर." जावकबाई म्हणाली, "मी ते नीट पाठवलं असतं तर." तो विषय पुन्हा निघाला नाही.

औषधं संपल्यावरच्या तपासणीत काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, आता दर सहा महिन्यांनी यायचं. पाच वर्षं काही निघालं नाही तर मग निश्चिंत म्हणता येईल, आज नाही.

बाहेर आल्यावर बटणवालीने फाईल पिशवीत घातली. "पाच वर्षं," ती म्हणाली. "तुमची निवृत्ती कधी?"

"तीन वर्षं आणि काही महिने."

"म्हणजे शेवटची दीड-दोन वर्षं तुम्हाला घरून यावं लागणार."

"येईन," जावकबाई म्हणाली.

"बघू," बटणवाली म्हणाली, आणि तिच्या पुढे जिना उतरायला लागली.